गच्चीवरची अँटेना आणि तिच्या वरची हद्द

नमो बुद्धाय.

मी, दशरथ गेनू ओव्हाळ, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त ज्युनिअर वॉरंट ऑफिसर, भारतीय हवाई दल, राहणार कळस, विश्रांतवाडीजवळ, पुणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर घरातले सगळे नको नको म्हणत असताना, लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डाव्या कानाने मला ऐकू येत नाही. परंतु तो दोष बुद्धीचा नसून मिग-२१ च्या इंजिनाचा आहे, आणि मला त्याची लाज नाही, अभिमान आहे. यापूर्वी मी लेखी मृत्युपत्र केलेले नाही. रागाच्या भरात तोंडी केलेली सर्व रद्द समजावीत.

माझ्या पश्चात माझी पत्नी शालन, मुलगा चेतन व मुलगी आम्रपाली हे तिघे वारस आहेत. आम्रपालीची मुलगी चैताली ही कायद्याने सध्या वारस नाही. तिच्याबद्दल पुढे लिहितो, कारण हा कागद खरे तर तिच्यामुळेच लिहावा लागला.

कलम १. घराबद्दल. कळस येथील माझे एकमजली घर व त्यावरील गच्ची ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. वडिलोपार्जित असे माझ्याकडे काहीही नाही. माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात पेट्या उचलत. छप्पन साली ते दीक्षा घ्यायला नागपूरला गेले, परत आल्यावर घरातले देव नदीत सोडले आणि मला शाळेत घातले. त्यांच्याकडून मला एवढेच मिळाले, आणि त्यावर घरपट्टी लागत नाही.

चतुःसीमा येणेप्रमाणे: पूर्वेस सार्वजनिक रस्ता. दक्षिणेस व उत्तरेस बिल्डरने विकत घेतलेले प्लॉट. पश्चिमेस सोनबा म्हस्के यांचे घर. या सोनबांनी माझ्या गच्चीवरची अँटेना पाहून पोलिसांना कळवले होते, की हा माणूस परदेशाशी बोलतो. हवालदार आले, गच्चीवर बसून चहा प्यायले, माझ्या संगणकाच्या पडद्यावर दिल्लीचे विमान येताना पाहिले आणि जाताना विचारून गेले की त्यांचा मेहुणा उद्या गोव्याहून येणार आहे, तेही दिसेल का. सोनबांना माझी जुनी लोखंडी शिडी द्यावी. चौकशीसाठी भिंतीवर चढताना ते स्टुलावरून पडत, मला पाहवत नसे. आणि वरच्या बाजूस हद्द लोहगावच्या धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानांची वाट. ही पाचवी सीमा वकील तनुजाताईंनी मसुद्यातून खोडली होती. मी ती पुन्हा लिहिली आहे.

घरात राहण्याचा हक्क शालनला तहहयात राहील. तिच्यानंतर घर चेतन व आम्रपाली यांना समसमान. गच्ची यात धरलेली नाही. गच्चीचे कलम वेगळे आहे, आणि ते वाचून भांडण होणार असल्याने शेवटी ठेवले आहे.

कलम २. बँकेतील ठेवी, पेन्शनची थकबाकी असल्यास ती, व विम्याचे पैसे शालनचे. आकडे लिहीत नाही. पासबुके तिच्याकडेच आहेत, ती मला विचारून खर्च करत नव्हती, आणि पुढेही कोणाला विचारू नये.

कलम ३. हत्यारांबद्दल. पाने, स्क्रू ड्रायव्हर, आरसा लावलेली दांडी व टॉर्च ही माझ्या पैशाने घेतलेली हत्यारे चैतालीला द्यावीत. हवाई दलाचा एकही पाना मी घरी आणलेला नाही. रोज संध्याकाळी पेटी बंद करण्याआधी आम्ही हत्यारे मोजत असू. एक जरी कमी भरले तर कोणी घरी जात नसे, कारण हरवलेला पाना बहुतेक वेळा इंजिनाच्या पोटात सापडतो. चैतालीने वैमानिक झाल्यावर जमिनीवरच्या माणसाशी घाई करू नये, एवढ्यासाठी ही पेटी तिला देत आहे. तिने ती वापरलीच पाहिजे असे नाही, पण विकू नये.

सागवानात कोरलेले मिगचे मॉडेल आम्रपालीला. लहानपणी ती त्याचे नाक धरून झोपत असे, त्यामुळे नाक झिजले आहे. ते दुरुस्त करू नये. माझे श्रवणयंत्र चेतनला द्यावे, ऐकण्याची सवय लागावी म्हणून.

कलम ४. गणवेश व पदके. हे कोणालाही वाटून देऊ नये, एकत्र ठेवावे. गेल्या सप्टेंबरात चंदीगडला मिग-२१ ला शेवटची सलामी दिली, ती मी टीव्हीवर पाहिली. बोलावणे नव्हते, माझ्यासारख्या हजारो इंजिन फिटरांना कोण बोलावणार. तरी मी सकाळी दाढी केली, ब्लेझर घातला, पदके लावली आणि हॉलमध्ये उभा राहिलो. शालनने विचारले, कुठे निघालात. मी म्हटले, कुठेच नाही. तिने टीव्हीचा आवाज मोठा केला आणि माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. ते विमान दिसायला बारीक आणि तापट होते. त्याला चुकीचे हात खपत नसत. राजस्थानातल्या तळावर उन्हाळ्यात त्याच्या पत्र्याला हात लावला की कातडी सोलून निघे, आणि तरी पहाटे ते पेटले की आमची छाती त्याच्याबरोबर थरथरत असे. उड्डाणाआधीच्या कागदावर इंजिनाच्या रकान्यात माझी सही असलेले प्रत्येक विमान परत आले. हे मी गणवेशाच्या कलमात लिहीत आहे, कारण माझ्या दृष्टीने हेच पदक आहे.

कलम ५. आता अँटेना. वारसांपैकी शालन सोडून कोणीही हे नीट समजून घेतले नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

उडणारे विमान स्वतःची ओळख सांगणारे संदेश सतत सोडत असते. नवीन विमान आपण कुठे आहोत तेही सांगते. जुने विमान फक्त ओळख आणि उंची सांगते; कुठे आहे ते सांगत नाही. ते शोधायचे तर तोच संदेश चार वेगवेगळ्या ठिकाणी ऐकावा लागतो. कोणाकडे तो किंचित आधी पोचला, कोणाकडे किंचित नंतर, यावरून विमानाची जागा निघते. पुण्यात हा हिशेब जुळवणारे आम्ही चौघे आहोत: कळसला मी, खडकीला बद्रीनाथ शेळके, कर्वेनगरला भाग्यश्री लेले आणि हडपसरला सौमित्र बनकर. प्रत्येकाच्या गच्चीवर एक अँटेना आणि घरात संदेश ऐकणारा एक डबा. कोणाची अँटेना नेमकी कुठे, हे ज्याने त्याने एका यादीत भरायचे; ती यादी मी सांभाळतो. चारांपैकी एक जरी डबा बंद पडला, तर नवी विमाने दिसत राहतात आणि जुनी नकाशावरून नाहीशी होतात. लष्करी विमानांबाबत आमचा नियम आहे, की कानावर पडले तरी नोंदवायचे नाही, सांगायचे नाही, फोटो काढायचा नाही. त्यांच्यासाठी आम्ही फक्त मान वर करतो.

चेतन एकदा मला म्हणाला होता, की बाबा, हे सगळे माझ्या फोनवर फुकट दिसते, तुमच्या डब्याची गरज काय. त्याला सांगितले, की तुझ्या फोनवर दिसते ते कोणाच्या तरी गच्चीवर असा डबा आहे म्हणून दिसते. तो हो म्हणाला आणि फोनकडे बघत राहिला.

कलम ६. बद्रीनाथ शेळके यांच्याबद्दल. हे रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ माझे मित्र होते. आम्हा अँटेनावाल्यांच्या एका स्नेहभोजनात, बाहेरचे पाहुणे बसलेले असताना, हातात श्रीखंडाची वाटी घेऊन त्यांनी मिग-२१ ला उडती शवपेटी म्हटले. वर्तमानपत्रे तसे लिहीत, हे मला ठाऊक आहे. वर्तमानपत्रांनी त्या विमानाचे इंजिन कधी उघडले नव्हते. पण बद्रीनाथ माझ्या शेजारी बसले होते आणि मी आयुष्यभर काय केले हे त्यांना माहीत होते. मी पान अर्धे टाकून उठलो. त्यानंतर आम्ही एकमेकांशी बोललो नाही. आमचे डबे मात्र बोलत राहिले. त्यांना मानापमान नसतो.

गेल्या पावसाळ्यानंतर बद्रीनाथ यांच्या सोसायटीत पाण्याची टाकी बदलण्याचे काम निघाले. त्यांनी अँटेना काढून शेजारच्या इमारतीवर नेऊन लावली आणि नवी जागा यादीत कळवली नाही. आमच्या धंद्यात ही चूक फार होते: माणूस तार नीट जोडतो, नट घट्ट करतो, आणि आपण हललो हेच विसरतो. त्यांचा डबा जुन्या जागेवरून ऐकत असल्यासारखा हिशेब देऊ लागला, तो बाकी तिघांशी जुळेना, आणि यंत्रणेने त्यांना आपोआप बाजूला काढले. बद्रीनाथ यांची समजूत अशी झाली, की यादी सांभाळणारा मी, म्हणून मीच सूड उगवला. त्यांनी डब्याचे बटणच बंद केले. भाग्यश्रीताई त्यांच्याकडे जाऊन आल्या तेव्हा टाकीची हकिकत मला कळली. मी फोन केला नाही. आधी त्यांनी मिगबद्दल शब्द मागे घ्यावेत अशी माझी अपेक्षा होती. ती आजही आहे.

अशात चैतालीचा निरोप आला. ती पुण्याच्या पूर्वेकडच्या एका उड्डाण शाळेत शिकते. तिला एकटीने लांबचे उड्डाण करायचे होते, सोलापूर रस्त्याच्या अंगाने पुण्याच्या बाजूला येऊन परत. विमानाचा क्रमांक पाठवून तिने लिहिले होते, "आजोबा, उद्या तुमच्या बाजूला येतेय, लक्ष ठेवा." शाळेचे विमान जुने. म्हणजे चारही डबे हवेत.

त्या सकाळी मी पडद्यासमोर बसलो. थोड्या वेळाने विमानांच्या रांगेत तिचा क्रमांक उमटला. उंची दिसत होती, वाढत होती. नकाशावर ठिपका मात्र नाही. माझी नात आभाळात एकटी होती, मला ती ऐकू येत होती आणि कुठे आहे ते कळत नव्हते. शालन चहा घेऊन आली, पडद्याकडे पाहिले, सगळे समजली. मी म्हटले, चौथा कान बंद आहे. ती म्हणाली, फोन करा. मी म्हटले, करणार नाही.

"अहो, मान सांभाळायचा की नात बघायची, एक काय ते ठरवा. चहा गार होतोय."

मी फोन लावला. पलीकडून उचलला गेला, हॅलो आले नाही. मी म्हणालो, "बद्रीनाथ, डबा चालू करा. अँटेना दुसऱ्या इमारतीवर नेलीत, ती जागा यादीत घाला. तुम्हाला मी काढलं नाही, तुमच्या टाकीनं काढलं. माझी नात वर आहे." फोन बंद झाला. मी बसून राहिलो. इंजिन पेटायची वाट पाहताना जसा बसत असे, तसाच.

मग पडद्यावर चालू डब्यांत खडकी आली. चार झाले. आणि यवतच्या पलीकडे कुठेतरी एक पिवळा ठिपका उमटला, सरकू लागला, पुण्याच्या दिशेने आला आणि ठरलेल्या जागी, सावकाश, मोठे गोल वळण घेऊन माघारी फिरला. मी उभा राहिलो. खडकीच्या कारखान्यात पेट्या वाहणाऱ्या गेनू ओव्हाळांची पणती ते वळण घेत होती. माझ्या वडिलांनी विमान फक्त खालून पाहिले. मी त्याच्या पोटात हात घातले. ही ते चालवत होती. मी रडलो, शालनने पाहिले, आणि तिने पाहिले याचे मला काही वाटले नाही.

चैताली खाली उतरल्यावर बद्रीनाथ यांचा फोन आला.

"पोरीचं वळण सुबक आहे."

"माहीत आहे."

"मिगबद्दलचं माझं मत बदललेलं नाही."

"मी विचारलं नाही."

एवढे बोलून आम्ही फोन ठेवले. तेव्हापासून त्यांचा डबा एकदाही बंद पडलेला नाही. पुन्हा बोलणेही झालेले नाही.

कलम ७. अंत्यविधी. त्रिशरण, पंचशील व्हावे, भन्तेजींनी दोन शब्द सांगावेत. दहावे, तेरावे, कावळे यांतले काही नको. कळसमध्ये विमान डोक्यावरून गेले की बोलणारा अर्ध्या वाक्यात थांबतो आणि ते गेल्यावर तिथूनच पुढे सुरू करतो. माझ्या शोकसभेतही ही रीत पाळावी. ज्यांना लांब भाषण करायचे आहे त्यांनी विमानांचे वेळापत्रक पाहून उभे राहावे. त्या दिवशी दुखवटा म्हणून डबा बंद करू नये.

कलम ८. गच्चीबद्दल. दोन्ही बाजूंचे प्लॉट घेतलेला बिल्डर मधले माझे घर मागतो आहे. तिथे उंच इमारत होणार. चेतनला हा व्यवहार योग्य वाटतो. तो वाईट मुलगा नाही, व्यवहारी आहे. हिंजवडीत इतकी वर्षे काढल्यावर माणूस तसा होतो. त्याचे म्हणणे, नव्या इमारतीवर अँटेना पुन्हा लावू. मी विचारले, कधी. तो म्हणाला, ताबा मिळाल्यावर. म्हणजे तोवरची सगळी वर्षे तीनच कान राहतील आणि जुनी विमाने कोणाला दिसणार नाहीत. त्यांत शिकणारी पोरे असतात. चैताली एकटीच नाही.

म्हणून मी असे ठरवतो: गच्चीवर अँटेना ठेवण्याचा, तिच्यासाठी जिन्याने जाण्या-येण्याचा, आणि ती काढण्यास नकार देण्याचा हक्क बद्रीनाथ शेळके, राहणार खडकी, यांना तहहयात राहील. त्यांच्या लेखी संमतीशिवाय घर पाडता येणार नाही. तनुजाताईंनी विचारले, ज्याच्याशी बोलत नाही त्याला कसा हक्क देता. मी म्हटले, म्हणूनच. हा माणूस कोणाच्या गोड बोलण्याला भुलत नाही. माझ्याशी एकदाही सहमत झालेला नाही, बिल्डरशी काय होणार? बद्रीनाथ यांनी येताना चप्पल जिन्याखाली काढावी. शालनने चहा द्यावा. मिगविषयी चर्चा त्या गच्चीवर करू नये.

माझ्याआधी बद्रीनाथ गेले तर काय, हा प्रश्न वकिलांनी काढला. ते जाणार नाहीत. मला मागे टाकायची संधी ते सोडणार नाहीत.

येथवर मजकूर टाइप केलेला आहे. यापुढचा माझ्या हातचा आहे. त्याचे कारण असे.

आज साक्षीदार येण्याआधी मी मसुदा घरात सर्वांसमोर वाचून दाखवला. आठव्या कलमाला चेतन उठून उभा राहिला. मला वाटले, घराच्या भावाबद्दल बोलेल. त्याचा चेहरा पडला होता. लहानपणी हवाई दलाच्या क्वार्टरवरून मी शिट्टी वाजवत कामावर निघालो की तो खिडकीत असा चेहरा करून उभा राहायचा.

तो म्हणाला, "बाबा, ज्यांच्याशी तुम्ही बोलत नाही त्यांना गच्ची देता. मला का नाही?"

मी म्हणालो, "तू कधी मागितलीस?"

आम्रपाली काही बोलू लागली, शालनने तिला हाताने थांबवले. चेतन गच्चीवर गेला. बराच वेळ खाली आला नाही. आला तेव्हा हात गंजाने माखलेले होते. म्हणाला, खालचा क्लॅम्प सैल आहे, वाऱ्याने अँटेना हलते. मला ते ठाऊक नव्हते. माझे गुडघे हल्ली तिथवर नेत नाहीत.

"आता मागतो," तो म्हणाला.

आम्रपालीने विचारले, मग बिल्डरचे काय. चेतनने बेसिनवर हात धुतले आणि सांगितले, त्याला आज संध्याकाळी फोन करून नाही म्हणतो. शालनने टॉवेल दिला. मी चष्मा पुसला, कारण लिहायचे होते.

म्हणून कलम ८ मध्ये माझ्या हाताने वाढवतो: गच्चीचा हक्क बद्रीनाथ शेळके व चेतन दशरथ ओव्हाळ या दोघांचा मिळून राहील, व दोघांपैकी जो मागे राहील त्याचा पूर्ण. घरातला त्याचा अर्धा वाटा त्याला माझा मुलगा म्हणून मिळतो आहे. त्यासाठी त्याला काही करावे लागले नाही. गच्ची मी त्याला मुलगा म्हणून दिलेली नाही. त्याने मागितली, आणि मागण्याआधी वर जाऊन पाहिली, म्हणून दिली आहे.

हे सर्व मी वाचले, मला समजले, माझ्या मनासारखे आहे. खाली सही करतो.

दशरथ गेनू ओव्हाळ
(सही)

आमच्यासमक्ष लिहून देणाऱ्यांनी सही केली व त्यांच्यासमक्ष आम्ही केली. आम्हा दोघांना या कागदाने काहीही मिळत नाही.

साक्षीदार १: भाग्यश्री लेले, कर्वेनगर, पुणे (सही)
साक्षीदार २: सौमित्र बनकर, हडपसर, पुणे (सही)

स्थळ: कळस, पुणे
दिनांक: १८ जानेवारी २०२६